‘पाईपलाईन’ असे वाचावे

चौकशी अखेर संपली. पाड्यावरच्या परदेशी कर्जाच्या नळयोजनेत भ्रष्टाचार झालेला नाही, शुद्धलेखनाची चूक झाली आहे. तसं शुद्धिपत्रकही निघालं: ‘पापलाईन’ऐवजी ‘पाईपलाईन’ असे वाचावे.

चूक काय, कुणाचीही होते. इथे ती तिघांची झाली. तीन ठेकेदारांची तीन सीलबंद कोटेशनं. एक सातपूरचा, एक नाशिकरोडचा, एक पंचवटीतला. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली ही माणसं बाराव्या ओळीत एकच ‘ई’ विसरली. ई-टेंडरची कटकट नको म्हणून कामाचे तुकडे पाडून कोटेशनांवर भागवलं होतं. त्या भरात हीही ‘ई’ गेली असेल.

परदेशी बँकांचे तपासनीस मुळात संशयी. त्यांना शिकवलेलंच असतं की लखोट्यांत सारखी चूक, लागोपाठ नंबरांचे डीडी किंवा ठरावीक टक्क्यांनी चढणारे दर दिसले की थांबायचं. इथले डीडी एकाच शाखेतले, पाठोपाठ नंबरांचे. म्हणजे तिघे प्रतिस्पर्धी शिस्तीत एका रांगेत उभे राहिले. दुसऱ्याचा दर पहिल्याहून बरोबर पाच टक्के जास्त, तिसऱ्याचा दहा. पाढे पाठ असलेले ठेकेदार हल्ली मिळतात कुठे? पण साहेब अडले ते ‘ई’वरच. मग खुलासे मागवले गेले. पंचवटीकर म्हणाले, रामकुंड शेजारीच, ‘पाप’ हा शब्द दिवसभर कानावर पडतो, तोच बोटांत आला. सातपूरकरांनी कीबोर्डवर खापर फोडलं. नाशिकरोडकरांनी खुलाशात एकच शब्द लिहिला: ‘वरीलप्रमाणे’. त्यांच्या वर काय लिहिलंय, हे त्यांना कसं कळलं, असं समितीत कुणीच विचारलं नाही, कारण तोवर मिसळ आली होती.

माझं दुखणं वेगळंच आहे. पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधक नावाचा माणूस असे. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल पेन. खर्च वाचवायला त्याला सगळीकडून घरी पाठवला. तो असता तर ही ‘ई’ जागेवर बसली असती आणि घोटाळा निर्दोष छापला गेला असता. मराठी बिघडली म्हणून भ्रष्टाचार सापडायला लागला, एवढी वाईट वेळ आली आहे.

काळी यादी म्हणाल, तर 2010 साली पाच विकास बँकांनी आपसात ठरवलं की एकीनं वर्षाहून जास्त काळ बाद केलेली कंपनी इतरांनीही बाद करायची. पाच दारं बंद. सहावं बायकोच्या नावानं उघडतं.

‘फॉरेनचा पैसा, आपलं काय जातं?’ असं पारावर बसून म्हणणाऱ्यांचा मला खरा राग येतो. अहो, ते दान नाही, कर्ज आहे! व्याजासकट आपणच फेडायचं आहे. पेठ-सुरगाण्यात पावसाळ्यात समोरचा माणूस दिसू नये इतकं कोसळतं, आणि मे महिन्यात त्याच भागात बायका दोर धरून विहिरीत उतरतात, तळाचा गढूळ घोट वाटीनं हंड्यात भरतात. अंगाला लावायच्या साबणाच्या वडीवर त्या जो कर भरतात, तोही याच कर्जाच्या हप्त्यात जातो. म्हणजे न आलेल्या पाण्याची पट्टी त्यांनी भरलेलीच आहे. आणि आपण इथे काना-मात्रा तपासत बसलो आहोत. मेलं ते शुद्धलेखन!

पाड्यावर नळ बसला आहे, हे मात्र कबूल करायला हवं. तोटी चकचकीत आहे. विहिरीवरून आल्यावर बायका ओली चुंबळ तिच्यावर वाळत घालतात. पुढचं शुद्धिपत्रक निघेपर्यंत वाचकांनी ‘नळ’ऐवजी ‘खुंटी’ असे वाचावे.