नकाशात मी एकटा

टॉप मॉडेल आणि त्याच्या खालचं मॉडेल यांच्यात फरक काय, या प्रश्नाचं खरं उत्तर 'शेजारी' असं आहे. पण ते तोंडावर देता येत नाही, म्हणून मी 'नेव्हिगेशन' असं देतो. गाडीचं स्वतःचं, अंगचं, कारखान्यातून बसवून आलेलं नेव्हिगेशन. त्यासाठी लाखाच्या घरात जादा पैसे मोजले हे मी आपणहून कुणाला सांगत नाही. फक्त समोरचा विचारेपर्यंत विषय बदलू देत नाही.

आणि विचारणारा हमखास म्हणतो, "अहो, पण मोबाइलमध्ये फुकट असतं की!"

हे वाक्य मला मेव्हण्याने ऐकवलंय, सोसायटीच्या सेक्रेटरीने ऐकवलंय, गाडी धुणाऱ्या मुलानेही ऐकवलंय. त्या मुलाशी मी वाद घातला नाही, कारण त्याचा फोन माझ्या फोनपेक्षा भारी आहे. बाकीच्यांना मात्र बसवून समजावतो. फोनला वरचे उपग्रह सापडले तरच आपण नेमके कुठे आहोत ते कळतं. बोगद्यात शिरला की तो चाचपडायला लागला. गाडीला स्वतःची चाकं ठाऊक असतात! चाक किती फिरलं, गाडी कुठल्या अंगाला किती वळली, याचा ती मनाशी हिशेब ठेवते आणि अंधारातही पुढे पुढे सरकत राहते. तिला रेंज लागत नाही, डेटा लागत नाही, काचेपाशी ठेवलेल्या फोनासारखी ती उन्हात तापून मान टाकत नाही. आणि ऐन फाट्यावर मेहुणीचा फोन आला म्हणून तिचा नकाशा गुल होत नाही.

इथवर आलो की बायको मुलांना म्हणते, "आलं जपान." मुलं उठून आत जातात.

जपान येतं खरं. ते आणल्याशिवाय मला राहवत नाही. 1981 साली होंडाने मोटारीत बसवायचं नेव्हिगेशन बाजारात आणलं. त्याचं नाव इलेक्ट्रो जायरोकेटर. उपग्रहाचा त्यात काही संबंध नव्हता. आत हेलियम वायूचा झोत सोडलेला असे. गाडी वळली की झोत किंचित ढळायचा आणि त्यावरून यंत्राला वळण कळायचं. किती अंतर कापलं ते चाकांकडून. नकाशा म्हणाल तर चक्क पारदर्शक कागदावर छापलेला. तो छोट्या पडद्यापुढे सरकवून ठेवायचा आणि मागून उजेडाचा ठिपका चालायला लागायचा. आपण कुठून निघालो ते आपणच ठिपका जुळवून सांगायचं, आणि नकाशाची कड आली की गाडी बाजूला घेऊन पुढचा कागद घालायचा. भयंकर महाग प्रकरण होतं. अर्थात लोकांनी ते फारसं घेतलं नाही. पण ज्यांनी घेतलं असेल त्यांच्याविषयी मला अतोनात आपुलकी वाटते. त्यांच्याही सोसायटीत सेक्रेटरी असणारच.

पाहुण्यांनी अजून चहा संपवला नसेल तर मी जपानवरून अमेरिकेत उतरतो. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात इटॅक नावाच्या कंपनीने असंच एक यंत्र विकायला काढलं. त्याचे नकाशे कॅसेटवर असत. आपण ज्या कॅसेटवर भीमसेन जोशी ऐकायचो, तसल्या कॅसेटवर त्यांचे रस्ते. एका कॅसेटमध्ये मावेल तेवढा मुलूख. पलीकडे जायचं तर कॅसेट बदला. कंपनी काढणारा स्टॅन हनी शिडाच्या बोटींच्या शर्यतीत दिशा सांगणारा गडी. त्यामुळे नाव त्याने प्रशांत महासागरातल्या कॅरोलाइन बेटांवरच्या दर्यावर्दींकडून उचललं. इटॅक ही त्या लोकांची होडी हाकण्याची रीत. ती अशी, की आपण बेटाकडे चाललोय असं मनात आणायचंच नाही. आपली होडी जागच्या जागी आहे, वर तारे आहेत आणि बेटं पाण्यावरून सरकत आपल्या बाजूने मागे जाताहेत, असा हिशेब धरायचा. इटॅकच्या पडद्यावरही तसंच होतं: गाडीचा बाण मधोमध ठाम, नकाशा तिच्याभोवती फिरणार.

हे मी प्रथम वाचलं तेव्हा बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. मी स्थिर आहे आणि पनवेल माझ्याकडे येतंय! चाळिशी ओलांडलेल्या, कचेरीत कुणी न विचारणाऱ्या माणसाला याहून अधिक काय द्यायचं? माझ्या गाडीच्या पडद्यावर आजही हेच चित्र असतं. मधोमध एक चकचकीत बाण, तो मी. भोवती रस्ते, पेट्रोल पंप, तलाव. दुसरी गाडी नाही. रिक्षा नाही. समोर टेम्पोवाला गाडी आडवी घालून उभा असतो, हॉर्नने कान किटलेले असतात. पण नकाशात बघावं तर महाराष्ट्रात मी एकटा.

फोनच्या नकाशावरचा माझा राग इथून सुरू होतो. त्यात लाल रेघा असतात. त्या येतात कुठून? तर आपल्यासारख्यांच्याच खिशातून. रस्त्यावरचे फोन किती वेगाने सरकताहेत हे बघून तो गर्दी ओळखतो. 2020 च्या फेब्रुवारीत गाजलेल्या एका प्रयोगात बर्लिनच्या सिमोन वेकर्ट नावाच्या कलावंताने लहान मुलांच्या हातगाडीत 99 फोन घातले आणि ती गाडी रमतगमत रस्त्यांवरून ओढत नेली. रस्ता मोकळा, नकाशात मात्र तो लालभडक! लोक याला हसले. मला हसू आलं नाही. मला कळलं की मी ज्या लाल रेघेला शिव्या देत बसतो, तिच्यात माझाही चिमूटभर रंग असतो. ठाण्याच्या सिग्नलला मी गर्दीत अडकलेला नसतो. मागच्या माणसाच्या फोनात मी स्वतःच गर्दी असतो. हे सत्य कितीही उपयोगाचं असलं तरी त्यासाठी कुणी टॉप मॉडेल घेत नाही.

त्यातून आता फोनचा नकाशा गाडीच्या पडद्यावर उमटवायची सोय झाली आहे. घरच्यांनी ती माझ्या पाठीमागे चालू करून घेतली. बटण दाबलं की माझा नकाशा अदृश्य आणि त्याच पडद्यावर मेव्हण्याचा फुकटचा नकाशा हजर. जागा माझी, हप्ते माझे आणि पाय पसरून बसलाय पोटभाडेकरू. 2023 मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सने जाहीर केलं, की आमच्या पुढच्या इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ही फोन उमटवण्याची सोय देणार नाही. मी ती बातमी कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकली. जगात माझ्या बाजूने अखेर कुणीतरी उभं राहिलं होतं. मुलीने खाली लिहिलं, "बाबा, त्यांना वर्गणी विकायची असेल." नंतर मी त्या गटावर बातम्या टाकणं कमी केलं.

वर्गणीवरून आठवलं. गाडी सर्व्हिसिंगला दिली तेव्हा तिथल्या पोराने हळूच विचारलं, "सर, मॅप जुना झालाय. अपडेट मारायचा का? चार्जेस पडतील." रक्कम ऐकून मी म्हणालो, रस्ते काही रोज बदलत नाहीत.

मुंबई-गोवा रस्त्याने जायचं होतं, हे तेव्हा लक्षात राहिलं नाही.

गणपतीला बाबांना घेऊन कणकवलीला निघालो. बाबा पुढच्या सीटवर, कारण त्यांचे गुडघे मागे मावत नाहीत, आणि कारण पुढच्या सीटला एक काम असतं असं ते मानतात. पूर्वी सुट्टीत लाल डब्याने जाताना खिडकीशी बसून ते पुढचं गाव यायच्या आधी त्याचं नाव जाहीर करायचे. पेण. कोलाड. माणगाव. मैलाच्या दगडावरचा आकडा वाचायचा, मनात वजाबाकी करायची आणि आईला सांगायचं, "अर्ध्या तासात महाड. डबा काढायला हरकत नाही." आमच्या घरातलं अंगचं नेव्हिगेशन ते. त्यांना अपडेट कधी मारावा लागला नाही.

या खेपेला गाडीत दोन बायका बोलत होत्या. गाडीतली इंग्रजीत, आणि बायकोच्या मांडीवरच्या फोनातली हिंदीत. पोलादपूरच्या पुढे नव्या बोगद्याशी आलो. फोनचा निळा ठिपका तोंडाशीच थबकला. मी विजयी मुद्रेने आपल्या पडद्याकडे बोट केलं. माझा बाण थांबला नव्हता, चालत होता. पण त्याच्या नकाशात बोगदाच नव्हता. त्यामुळे तो इमानदारीत कशेडीचा जुना घाट चढायला लागला. थोड्या वेळाने चाकं सरळ जाताहेत आणि घाट वळतोय हे त्याच्या ध्यानात आलं असावं. मग तो रस्ता सोडून नुसत्याच हिरव्या रंगात शिरला. सह्याद्रीच्या पोटात, झाडीत, मी एकटा. मागून बायकोने विचारलं, "करवंदं दिसताहेत का?"

बाबा हसले आणि सांगू लागले. कशेडीत गाडी तापायची. मग ड्रायव्हर उतरून पाणी घालायचा आणि तेवढ्यात पोरं पानाच्या द्रोणात करवंदं घेऊन खिडकीशी यायची. एकदा तुझी आजी खाली उतरली ती... "इन फाइव्ह हंड्रेड मीटर्स," गाडीतली बाई म्हणाली.

बाबा थांबले.

तिचं बोलून झालं तेव्हा त्यांनी पुन्हा सुरुवात केली. आजी खाली उतरली आणि कंडक्टरने बेल मारली. तर तिने... आता हिंदीतली बाई बोलली. बाबा पुन्हा थांबले, मान किंचित तिकडे वळवून, तिचं संपेपर्यंत. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पनवेलपासून हेच चाललं होतं. बाई बोलतेय, तर आपण मध्ये बोलू नये, म्हणून ते दर वेळी गप्प होत होते. आणि तिचं झालं की आपलं कुठवर आलं होतं ते शोधत बसत होते. तेव्हापासून किती गोष्टी अर्ध्यावर राहिल्या असतील कोण जाणे. आम्ही समजत होतो बाबा हल्ली फार बोलत नाहीत. डॉक्टरांनाही तसं सांगून झालं होतं.

मी दोन्ही आवाज बंद केले. मला एकदम कसला तरी संताप आला. तो यंत्रांचा होता असं म्हणायला मी मोकळा आहे.

आजीची गोष्ट मग खेडपर्यंत पुरली. तिने एसटीच्या पुढे उभं राहून गाडी अडवली होती आणि कंडक्टरलाच करवंदांचे पैसे द्यायला लावले होते. ही मला ठाऊक नव्हती. हातखंब्याला वळायचं नाही, सरळ जायचं, हे बाबांनी फाटा यायच्या आधीच जाहीर केलं. बायकोने फोनात बघून "बरोबर" म्हटलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, की तिने फोन पर्समध्ये टाकला.

परतल्यावर बाबांनी फुलस्केप मागून घेतला. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेला माणूस. यंत्र चुकलं तर यंत्राला शिव्या देत नाही, वरिष्ठांना लिहितो. गाडीच्या कंपनीचा पत्ता मला शोधायला लावला आणि मजकूर टाइप करायला दिला. मी काना-मात्रा न बदलता केला.

"महोदय, आपल्या वाहनातील नकाशात कशेडी येथील बोगदा दिसून येत नाही. परिणामी वाहन वनक्षेत्रात शिरल्याचे दर्शविले जाते. घरी वाट पाहणाऱ्या नातेवाइकांच्या दृष्टीने हे उचित नाही. तरी आवश्यक ती दुरुस्ती विनामूल्य करण्यात यावी, कारण मुलाने आधीच जादा पैसे भरले आहेत. तसेच संबंधित महिला कर्मचाऱ्यांस ज्येष्ठ नागरिक बोलत असताना मध्ये न बोलण्याची समज द्यावी, ही विनंती. बाकी त्यांचे काम समाधानकारक आहे."