रिपीटला हाय!

लातूरच्या ट्यूशन एरियात पाहुण्यांचा प्रश्न एकच, ‘काय करायलंय पोरगं?’ उत्तरही ठरलेलं, ‘रिपीटला हाय.’ म्हणजे बारावीनंतर मेडिकलच्या ‘नीट’ परीक्षेसाठी आणखी एक वर्ष. इंग्रजीत ‘रिपीट’ हे बहुतेकदा क्रियापद. कोण, काय रिपीट करतंय ते सांगावं लागतं. आमच्याकडे त्याला ‘ला’ लागला आणि त्याची इयत्ता झाली: अकरावीला, बारावीला, रिपीटला.

हेच पोरगं कोट्याला गेलं की ‘ड्रॉपर’ होतं. तिकडे वर्ष ड्रॉप करतात, म्हणजे सोडून देतात. लातूर-नांदेडात तेच वर्ष रिपीट करतात, म्हणजे पुन्हा धरतात. शब्दकोशात दोघांचं जमायचं नाही. पण मेसचा डबा तोच, बायोलॉजी तीच, ७२० मार्कही तेच. शिवाय आपण ड्रॉप ‘घेतो’, डोळ्यांच्या औषधासारखा. अस्सल इंग्रजाला ‘ड्रॉपर’ म्हणाल तर तो रबरी बोंडाची काचेची नळी शोधत बसेल. सरकारी अहवालात ‘ड्रॉपआऊट’ म्हणजे गळती. फरक एका ‘आऊट’चा: तिकडे पोराची शाळा सुटलेली, इकडे बापाची झोप उडालेली.

‘रिपीटर’चं मात्र नशीब उघडलं. पूर्वी हा शब्द दहावीत गचकलेल्यांसाठी असे आणि घरात तो हळू आवाजात उच्चारत. नीटचा रिपीटर बारावी पास, तोही तोऱ्यात. नांदेडच्या भाग्यनगरात त्याची बॅच वेगळी, जाहिरात वेगळी. निकाल लागला की हे विशेषण गळतं. फ्लेक्सवर फोटो येतो, मार्क येतात; प्रयत्न कितवा, हे काही येत नाही. पुढे मेडिकलच्या प्रवेशाला कागद काढताना त्याच वर्षाचं तिसरं नाव कळतं: ‘गॅप’. त्याचं शपथपत्र लागतं. ज्या वर्षात पोरानं मान वर केली नाही, ते वर्ष कागदावर रिकामं!

व्याकरण म्हणतं, कर्ता पोरगं, कर्म वर्ष. व्यवहारात रिपीट होते ती फी, आणि कर्ता गावाकडे सोयाबीनचा भाव बघत बसलेला असतो.

इंजिनिअरिंगची जेईई अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोनच वर्षं देता येते. नीटला प्रयत्नांची मर्यादाच नाही. म्हणून ‘सेकंड रिपीट’, ‘थर्ड रिपीट’ अशा पायऱ्या. बाप परीक्षा मोजतो, क्लासवाले रिपीट मोजतात. घरात तिसऱ्या नीटचं टेन्शन असतं, तेव्हा क्लासच्या हिशोबात पोराचं दुसरंच चालू असतं.