लागलं तर असावं

ऑपरेशन थिएटरमध्ये रुग्णाला भूल चढायच्या आत सामानाची पाकिटं फाडून झालेली असतात. धागे, स्पंज, रक्तस्राव रोखणारे महागडे पदार्थ, सगळं टेबलावर हजर. लागलं तर असावं! नाहीच लागलं तर? सील एकदा तुटलं की वस्तू बाटली; रवानगी थेट कचऱ्यात.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या मेंदूशल्य विभागाने ५८ शस्त्रक्रियांचा हिशेब २०१७ मध्ये छापला. हातही न लावता फेकलेला माल दर शस्त्रक्रियेमागे सरासरी ६५३ डॉलरचा. वर्षाला अंदाजे २९ लाख डॉलर, आणि तेही एकाच विभागात. श्रीमंतांचा कचरासुद्धा निर्जंतुक!

आपल्याकडे अरविंद नेत्र रुग्णालयात मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेमागे जेमतेम पाव किलो कचरा निघतो. कर्बउत्सर्जन ब्रिटनच्या सुमारे विसाव्या हिश्शाइतकं. गाउन धुऊन परत वापरायचे, डोळ्यांच्या थेंबांची एक बाटली अनेकांना पुरवायची. एवढं करूनही गुंतागुंतीचं प्रमाण श्रीमंत देशांपेक्षा जास्त नाही, ही तर शुद्ध आगळीक.

अमेरिकेत तीच बाटली सर्रास एकाच रुग्णाची. चार थेंब डोळ्यात, बाकीचे बादलीत. बिलात मात्र बाटली पूर्ण.