उपऱ्यांचा पिवळा पक्षी

इंग्लंडच्या नॉर्फोक परगण्यातल्या नॉरिच सिटी या फुटबॉल संघाच्या छातीवर कॅनरी पक्षी असतो. सामन्याच्या दिवशी पिवळे-हिरवे गळपट्टे गुंडाळून नॉर्फोकचा शेतकरी मैदानाकडे निघाला, की ‘अस्सल इथला’ म्हणजे काय ते एका नजरेत कळतं. पक्षी मात्र इथला नव्हे. तो परदेशी विणकरांनी पिंजऱ्यात घालून आणला, असं नॉरिचवालेच सांगतात. शहराचा कापडधंदा बसला होता, म्हणून 1565 साली समुद्रापलीकडच्या तीस कारागिरांना, बायकापोरांसकट, राणीच्या परवान्याने बोलावून घेतलं. लोकांनी त्यांना नाव ठेवलं ‘स्ट्रेंजर्स’. पुढे पुढे शहरात दर तिसरा माणूस स्ट्रेंजर! 1570 मध्ये त्यांना हाकलून लावायचा कट शिजला; तो फसला आणि कटवालेच फासावर गेले. स्ट्रेंजर्स यथावकाश असे मिसळले, की आज त्यांना वेगळं काढायचं तर वंशावळ उकरावी लागेल. पक्षी तेवढा उरला, आणि त्याच्यापायी हजारो घसे बसतात.

या सपाट मुलखाचं उपऱ्यांशी असं नातं जुनंच आहे. शेजारचा फेन्सचा प्रदेश म्हणजे एके काळी नुसती दलदल. सतराव्या शतकात व्हरमॉयडेन नावाच्या डच इंजिनियरने कालवे खणून तिचं पाणी समुद्राकडे काढलं. मासे आणि पाणपक्षी धरून पोट भरणारे स्थानिक भडकले. ‘फेन टायगर्स’ म्हणवणाऱ्यांनी बांध फोडले. आता त्याच काळ्या जमिनीत कोबी आणि बटाटा पिकतो आणि तो काढायला लिथुआनिया, पोलंड, रोमानियाची माणसं आली. कुरकुरही पुन्हा सुरू झाली. 2016 साली युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने देशात सर्वांत मोठा कौल दिला तो लिंकनशायरमधल्या बोस्टनने, 75.6 टक्के. हे हसण्यावारी न्यायची माझी तयारी नाही. छोट्या गावात अचानक माणूस वाढला की दवाखान्यात आणि शाळेत दाटी होतेच. पण कोबी कोण काढणार, हे त्या मतपत्रिकेत विचारलेलं नव्हतं.

एक बडा पाहुणा तर आपल्याकडचाच. पंजाबचे शेवटचे महाराज दुलीपसिंग. राज्य गेलं, कोहिनूर गेला. मग 1863 मध्ये सफोकमधली एल्वेडनची इस्टेट घेऊन ते पक्ष्यांच्या शिकारीत रमले आणि नामांकित नेमबाज ठरले. तिथल्याच चर्चच्या आवारात त्यांचं थडगं आहे. जवळच्या थेटफर्डमध्ये 1999 पासून त्यांचा अश्वारूढ पुतळाही आहे. त्याच थेटफर्डमध्ये आता पोर्तुगीजांची मोठी वस्ती झाली आहे. त्यांचा पुतळा अर्थातच नाही. त्यासाठी आधी राज्य गमवावं लागतं.

इथल्या परंपरांचंही वय विचारू नये. व्हिटल्सी गावात जानेवारीत एका माणसाला नखशिखांत पेंढ्याने मढवून ‘अस्वल’ करतात आणि वाजतगाजत मिरवतात. प्रथा जुनी खरीच, पण 1909 मध्ये पोलिसांनी हा भीक मागण्याचा प्रकार ठरवून बंद पाडली होती. आजचं अस्वल 1980 मध्ये पुन्हा उभं राहिलेलं. गोगलगाईंची जागतिक शर्यतसुद्धा याच मुलखातली, नॉर्फोकच्या कॉन्गहॅम गावची. पंच ‘रेडी, स्टेडी, स्लो!’ असं ओरडतो. तेरा इंचांच्या अंतराचा विक्रम 1995 चा आहे, दोन मिनिटांचा. भोवतीची मंडळी श्वास रोखून बघतात. गोगलगाय कुठल्या गावची, कुठल्या वळचणीतून आली, असं कोणी विचारत नाही. माणसाच्या वाट्याला मात्र हा प्रश्न येतो, आणि पुढच्या खेपेलाही येतो.

तरी उपऱ्याला आत शिरायला वाटा आहेत. चर्चच्या मेळ्यात केक ठेवावा. त्याहून चांगलं म्हणजे नंतर कपबशा विसळाव्यात. घरी केलेला केक आवडेल न आवडेल, विसळलेल्या बशीबद्दल दुमत नसतं. कुंपणावरून हाक आली तर हातातलं काम टाकून गप्पा माराव्यात. कुठल्याही गोष्टीचं फार कौतुक करू नये, तेवढ्यावरून लंडनचा माणूस ओळखू येतो. आणि कधी या बाजूला आलात, तर घरांच्या फाटकाबाहेर अंडी आणि शेजारी पैशांचा डबा दिसेल. राखायला कोणी नसतं. अंडी घ्या, मोजून पूर्ण पैसे टाका, कोणी दिसलंच तर हवेला नावं ठेवा. बाकीचं तीनशे वर्षांत आपोआप जमतं.