अथ आधारदंडमीमांसा

पूल नामक क्रीडेत हात पोचेनासा झाला की क्यूच्या, म्हणजे चेंडूस मारण्याच्या काठीच्या, अग्रभागाखाली एक लांब दांडा सरकवतात. खेळघरांत त्यास 'रेस्ट' म्हणतात. या दांड्याचे शास्त्रशुद्ध विवेचन मराठीत प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही. ती उणीव पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाड्याच्या आधारे भरून काढण्याचे योजिले आहे.

प्रयोजन. नऊफुटी टेबलाचे क्रीडाक्षेत्र १०० इंच लांब व ५० इंच रुंद असते. मनुष्याचा बाहू तेवढा नसतो. त्यातच फटक्याच्या क्षणी निदान एक पाय भूमीला टेकलेला असावा, अशी नियमाज्ञा आहे. बाहुसंकोच आणि भूमिबंधन या दोन कारणांच्या संयोगातून आधारदंड उत्पन्न होतो. यांपैकी एक कारण नाहीसे झाले तर हे शास्त्रही नाहीसे होईल. सुदैवाने तशी चिन्हे नाहीत.

लक्षण. 'स्वतः अचल राहून चल क्यूस धारण करणारा, खाचयुक्त मुखाचा, चेंडूंस अस्पर्शी दंड तो आधारदंड.' येथे अतिव्याप्तीची शंका येते. खोडाळ्याकडे आंबे उतरवण्याची आकडीही दंडच आहे आणि तिचेही मुख विशिष्ट आहे. परंतु आकडी ओढते, धारण करीत नाही. शिवाय फळास स्पर्श करणे हाच तिचा धर्म. सबब ती वगळावी.

मेढ मात्र वगळता येत नाही. वारली-कोकणा घरात जमिनीत रोवलेल्या बेचक्याच्या खांबावर आढे टेकते, हे सर्वविदित आहे. मेढ अचल आहे, खाचयुक्त आहे, आणि कोणत्याही चेंडूस तिने कधी स्पर्श केलेला नाही. येथूनच या शास्त्रात दोन पीठे झाली. आढे चल नसल्याने मेढ हा आधारदंड नव्हे, असे जव्हारपीठ मानते. सूर्यमाळच्या पावसाळी वाऱ्यात एक रात्र काढावी, मग आढ्याच्या अचलत्वाविषयी बोलावे, असे मोखाडापीठाचे उत्तर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला, तेव्हाही हा प्रश्न अनिर्णित राहिला.

मुखभेदाने प्रकार.

१. बहुदंती. मुखावर निरनिराळ्या उंचीच्या अनेक खाचा. पूलमध्ये हाच रूढ.

२. गुणाकारमुखी. दोन काड्यांची फुली. स्नूकरच्या टेबलाखाली याचा निवास.

३. उच्चपाद, अर्थात 'स्पायडर'. मधला चेंडू ओलांडून पलीकडच्यास गाठण्यासाठी.

द्विसेतुनियम. सेतू म्हणजे आधारदंडच. वर्ल्ड पूल-बिलियर्ड असोसिएशनच्या नियमांनुसार एका फटक्यास जास्तीत जास्त दोन आधारदंड वापरता येतात. त्यांची रचना खेळाडूच्या इच्छेवर सोडली आहे. स्वतःचा दंडही चालतो, मात्र तो प्रचलित दंडासारखा असावा. 'सारखा' म्हणजे किती सारखा, यावर भाष्यग्रंथ व्हावा इतके द्रव्य आहे. रचनेचे दोन मार्ग संभवतात: दंडावर दंड ठेवणारा उपर्युपरिमार्ग आणि शेजारी ठेवणारा पार्श्वमार्ग. उंची हवी असल्यास पहिलाच ग्राह्य. दुसऱ्याचे प्रयोजन त्याच्या अनुयायांसही सांगता आलेले नाही.

येथे एक वैषम्य नोंदवणे प्राप्त आहे. क्यूची लांबी किमान ४० इंच असावी असा दंडक आहे, कमाल मर्यादा नाही. वजन तेवढे २५ औंसांपुढे जाऊ नये. म्हणजे क्यू अनंत होऊ शकतो, टेकू दोनच. क्षणभर वेदान्ताचा भास होतो, पण हा उपकरणांचाच नियम आहे.

दोषविचार. आधारदंडाने पांढऱ्या चेंडूस स्पर्श केल्यास दोष निश्चित. रंगीत चेंडू चुकून हलल्यास पंचाच्या उपस्थितीत तोही दोषच. पंच नसल्यास केवळ पांढऱ्या चेंडूचे दोष धरण्याची पद्धती आहे. तीत हललेला रंगीत चेंडू पूर्ववत ठेवावा की नाही, हे प्रतिस्पर्धी ठरवतो. तात्पर्य, दोषाचे अस्तित्व द्रष्ट्यावर अवलंबून आहे. नैयायिकांना हे रुचणार नाही.

अनाधारवादी. रेस्ट मागणे कमीपणाचे मानणारे तीन पंथ आढळतात. वामहस्तवादी डाव्या हाताने खेळतात, ते आदरणीय. पृष्ठवादी क्यू पाठीमागून नेतात, ते प्रेक्षणीय. शयनवादी टेबलावर आडवे होतात, आणि त्यांच्याविषयी प्रस्तुत लेखकास सौम्य राहता येत नाही. कारण सदऱ्याचा स्पर्शही स्पर्शच, आणि तरंगता पाय हा दुसरा दोष. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ आणि १९६४ साली बिलियर्ड्सचे जागतिक हौशी अजिंक्यपद मिळवले, आणि तेही बाराफुटी टेबलावर. एवढ्या विस्तारावर रेस्टची लाज धरून अजिंक्यपद मिळत नाही, असे अनुमान निर्दोष ठरते.

तृतीयसेतुवाद. लांब घरास दोन मेढी पुरत नाहीत, मध्ये तिसरी लागते; सबब पूलमध्येही तिसरा दंड मान्य करावा, असा मोखाडापीठाचा आग्रह आहे. जव्हारपीठ त्यास अशास्त्रीय म्हणते. तूर्त उभयपक्षी तडजोड अशी, की नियम बदलेपर्यंत तिसरी मेढ घरातच राहू द्यावी.