पाहिजेत : गोगलगायी, अनुभवाची अट नाही

अभिनंदन! हॉलमध्ये टीव्हीशेजारी 40 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आली. लाइव्ह रॉक रचून झाला, दोन क्लाउनफिश सोडून झाले (त्यांना 'निमो' म्हणायचं नाही, तुम्ही आता जाणकार आहात) आणि दहाव्या दिवशी काचेवर तपकिरी थर धरला. घाबरू नका. तुम्हाला 'क्लीन-अप क्रू' लागणार आहे. गोगलगायी, हर्मिट क्रॅब, कोळंब्या असा हा फौजफाटा चोवीस तास राबतो, रजा मागत नाही आणि दिवाळीला बोनसचं नावही काढत नाही. हे सफाई पथक कसं नेमावं आणि दीड-दोन महिन्यांत कसं संपवावं, याचं मार्गदर्शन पुढे केलं आहे. पायऱ्या गाळू नका.

1. घाई करा.

तो तपकिरी थर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा असतो. पाण्यातलं आणि वाळूतलं सिलिकेट संपलं की काही आठवड्यांत तो आपला आपण निघून जातो. म्हणूनच उशीर परवडत नाही. थर जाण्याआधी गोगलगायी टाकीत पोचल्या नाहीत, तर श्रेय कोणाला द्यायचं? नव्या टाकीत जिवाणू रुजून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढे दिवस हातावर हात ठेवून बसणारी माणसंही या छंदात आहेत. त्यांना टेस्ट किट विकत घेऊन ते वापरावंही लागतं. तुम्ही सरळ पहिल्या रविवारी दुकान गाठा.

2. भरतीचा आकडा दुकानदारावर सोडा.

गॅलनमागे एक गोगलगाय, असा नियम तो तुम्हाला सांगेल. दूध लिटरने, पेट्रोल लिटरने घेणारे आपण, पण गॅलन म्हटलं की तोंडातून शंका निघत नाही. 40 लिटर म्हणजे साडेदहा गॅलन. अर्धी गोगलगाय मिळत नाही, म्हणून अकरा. वर 'पॅकेज'मध्ये तितकेच हर्मिट क्रॅब. या बावीस जणांनी तुमच्या टाकीत नेमकं काय खायचं, हा प्रश्न विचारून त्या भल्या माणसाला अडचणीत आणू नका. नव्या, छोट्या टाकीत तीन-चार गोगलगायींचं कसंबसं पोट भरतं. बाकीच्या उपासाने जातात, जागा रिकाम्या होतात आणि तुम्ही पुन्हा दुकानात जाता. रोजगारनिर्मिती याहून वेगळी ती काय असते?

3. कोण काय काम करतं, याच्या खोलात शिरू नका.

शेवाळासाठी नासारियस गोगलगायी घ्या. त्या शेवाळाला तोंड लावत नाहीत. मेलेलं मांस हा त्यांचा आहार. दिवसभर वाळूत गाडून घेऊन फक्त एक बारीक नळी वर काढून बसतात. मात्र माशांच्या खाऊतल्या फ्रोझन मायसिसचे दोन तुकडे पाण्यात पडू द्या. काही सेकंदांत वाळू चार ठिकाणी फुगते, नळ्या इकडून तिकडे वळतात आणि मंडळी वास काढत चक्क धावत निघतात. गोगलगाय धावते म्हणजे काय, ते तेव्हा बघावं. पाहुण्यांना हा प्रयोग जरूर दाखवा. काच तशीच हिरवी राहील, पण तिकडे कोण बघतंय?

टर्बो घ्यायची तर सर्वांत मोठी निवडा. शेवाळ ती खरोखर फस्त करते, फक्त वाटेत जे काही नीट चिकटवलेलं नाही ते पाडत जाते. तुम्ही खडकावर ठेवलेला झोअँथस प्रवाळाचा तुकडा सकाळी वाळूत पालथा सापडेल. पुन्हा ठेवा. ती पुन्हा पाडेल. एवढा नियमित कर्मचारी दुसरा मिळणार नाही.

ट्रोकस आणि अ‍ॅस्ट्रिया शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. दोन्ही शंकूसारख्या, दोन्ही काच साफ करणाऱ्या. फरक एवढाच, की ट्रोकस उलटी पडली तर स्वतःहून सरळ होते. अ‍ॅस्ट्रिया सपाट वाळूवर उलटी पडली की पाय हवेत, म्हणजे पाण्यात, हलवत पडून राहते. तिला कोणीतरी उचलून सरळ करावं लागतं. तुम्ही सकाळी आठ ते रात्री नऊ घराबाहेर असाल तर अ‍ॅस्ट्रियाच घ्या.

4. हर्मिट क्रॅब आणि गोगलगायी एकत्र ठेवा.

हर्मिट क्रॅबला स्वतःचा शंख नसतो. वाढेल तसा त्याला मोठा शंख शोधावा लागतो, आणि तुमच्या टाकीत अकरा उत्तम शंख आधीच फिरत आहेत. अडचण एकच, त्यांत मूळ मालक राहतात.

रात्री दिवे मालवल्यावर टॉर्च घेऊन बसा. पालथ्या पडलेल्या अ‍ॅस्ट्रियाजवळ निळ्या पायांचा एक क्रॅब येतो. नांग्यांनी शंखाचं तोंड चाचपतो, कडेवरून पाय फिरवतो, गोल फिरवून मागची बाजू तपासतो. फ्लॅट बघायला आलेलं जोडपंही एवढी चौकशी करत नाही. पसंत पडला की आतल्या भाडेकरूला तो बाहेर काढतो आणि जेवतो. मग पापणी लवते न लवते तोच मऊ पोट जुन्या शंखातून उपसून नव्यात घालतो. सकाळी तुम्ही काचेवरून हिरवट थर पुसत असताना अ‍ॅस्ट्रियाचा शंख आठ पायांनी... छे, निळ्या पायांनी तुमच्यासमोरून चालत जाईल. पथकाचा आकडा मात्र तोच दिसेल, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

टाकीत वेगवेगळ्या मापांचे रिकामे शंख टाकून ठेवले तर हे प्रकार कमी होतात. तरी संपत नाहीत.

5. विशेष कामांसाठी तज्ज्ञ नेमा.

खडकावर बुडबुड्यांसारखं शेवाळ आलं तर एमराल्ड क्रॅब आणा. बुडबुडे संपल्यावर आणि अंगाने भरल्यावर तो प्रवाळांकडे वळू शकतो. तेव्हा त्याच्यासाठी वेगळा तज्ज्ञ शोधू.

आयप्टेशिया नावाचे उपद्रवी अ‍ॅनिमोन माजले तर पेपरमिंट कोळंबी मागा. तुम्हाला बहुधा कॅमल कोळंबी मिळेल. लाल अंगावर ठसठशीत पांढरे पट्टे-ठिपके, मोठे डोळे आणि पाठीला बाक असेल, तर ती हीच. दिसायला जास्त देखणी असते आणि प्रवाळांचे पॉलिप खाते. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात तिचं पांढुरकं, पारदर्शक कलेवर दिसलं तर लगेच गळा काढू नका. कोळंबी कात टाकते. ती खडकामागे जिवंत आहे, दुर्दैवाने.

वाळू चाळायला तारामासा हवाच. 40 लिटरच्या टाकीतल्या वाळूत जे काही जिवंत आहे ते तो खाऊन संपवतो, मग उपासमारीने हातांच्या टोकांपासून झडू लागतो.

आणि समुद्रकाकडी! वाळू साफ करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. ती दुखावली किंवा पंपात अडकली तर होलोथुरिन हे विष सोडते आणि छोट्या टाकीतले मासे एका फटक्यात मरू शकतात. शिवाय दगडी प्रवाळ आणि सी फॅनबरोबर तीही 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये गेली. या अनुसूचीतल्या प्राण्याच्या गुन्ह्याला किमान 3 वर्षांची कैद आहे. टाकीतल्या माशांची आणि टाकीबाहेरच्या तुमची, दोघांची सोय एकाच प्राण्यात. दुकानदार 'इम्पोर्टेड आहे' म्हणाला तर कागद मागून त्याचा मूड घालवू नका.

6. रुजू होताना लाड नकोत.

पिशवीतल्या आणि टाकीतल्या पाण्याची क्षारता वेगळी असते, म्हणून काही जण बारीक नळीने थेंब थेंब पाणी घालत तासभर बसतात. तुम्ही पिशवी ओता.

7. मासे भरपूर जेवले पाहिजेत.

सकाळी तुम्ही घाला, दुपारी आजी घालतील ('बिचारे बघतायत कसे'), संध्याकाळी मुलं घालतील. उरलेलं पथक खाईल. इथे एक गोष्ट हळूच सांगतो, दुकानात बोलू नका. गोगलगायीने शेवाळ खाल्लं म्हणून घाण टाकीबाहेर जात नाही. ती दुसऱ्या टोकाने टाकीतच येते. नायट्रेट आणि फॉस्फेट जिथल्या तिथे राहतात आणि त्यांच्यावर नवं शेवाळ पोसतं.

8. हजेरी घ्या, नाकाने.

दोन दिवस न हललेली टर्बो उचलून वास घ्या. जिवंत असेल तर समुद्राचा वास येईल. मेली असेल तर विचारावं लागणार नाही, शेजारी येऊन सांगतील. तोवर तिने पाण्यात सोडलेल्या अमोनियाने आणखी दोघींना सोबत नेलेलं असेल.

9. सरसकट कपात.

इथवर येऊनही कोणी शिल्लक राहिलं असेल, तर क्लाउनफिशच्या अंगावर पांढरे ठिपके दिसण्याची वाट बघा. दिसताच तांब्याचं औषध थेट याच टाकीत घाला. माशाला वेगळ्या टाकीत घालून उपचार करणं हे आळशीपणाला न शोभणारं काम. तांबं गोगलगायी, क्रॅब आणि कोळंब्या यांना सारखंच मारतं, पक्षपात करत नाही. वर ते खडकात आणि वाळूत मुरून राहतं, त्यामुळे पुढच्या तुकडीचीही व्यवस्था होते.

आता टाकी रिकामी झाली. दुकानदाराचा 'नवीन स्टॉक आला' असा मेसेजही आला असेल. जाणार असाल तर दोन ट्रोकस, एक सेरिथ गोगलगाय आणि एक नासारियस एवढंच आणा, आणि त्याच फेरीत काच घासायचं चुंबक घ्या. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं असतं. 40 लिटरचे दहा टक्के म्हणजे 4 लिटर, एक लहान बादली. मीठ नीट विरघळायला वेळ लागतो, तेव्हा आरओचं पाणी आदल्या रात्रीच कालवून ठेवा.