वारा कॅमेऱ्यात, पाणी घरात

अमेरिकेच्या किनाऱ्याकडे हरिकेन सरकू लागले की त्याच्याआधी तिथे वार्ताहर थडकतात. सप्टेंबर २०१८ मध्ये ‘फ्लॉरेन्स’ नॉर्थ कॅरोलायनावर चालून आले, तेव्हा ‘वेदर चॅनल’चा वार्ताहर विल्मिंग्टनमध्ये पाय रोवून, कमरेत वाकून वाऱ्याशी झुंजत होता. नेमके तेव्हाच त्याच्या मागून दोघे जण शतपावलीला निघाल्यासारखे चालत गेले. चॅनलने खुलासा केला, की ते दोघे काँक्रीटवर होते, आमचा माणूस ओल्या गवतावर होता आणि रात्री एकपर्यंत काम करून दमला होता. जग हसले आणि विषय संपला. त्याच वादळात एलिझाबेथटाउनला सुमारे ३६ इंच पाऊस पडला आणि अमेरिकेतील बहुतेक थेट बळी पुराच्या पाण्याने घेतले. पण पाणी गुडघ्यापर्यंत चढायला तास लावते आणि गवतावर झोकांड्याही खात नाही. त्यामुळे पडद्यावर त्याला काम मिळत नाही.

वादळाच्या साऱ्या गाजावाजात हा पक्षपात आहे. हरिकेनला १ ते ५ अशी श्रेणी देणारी सॅफिर-सिम्प्सन मोजपट्टी फक्त वारा मोजते. किनाऱ्यावर चढणारे समुद्राचे पाणी किंवा पाऊस तिच्या हिशेबात नाही. फ्लॉरेन्स चारवरून एकवर उतरले आणि घर सोडायला निघालेल्या अनेकांना बॅगा पुन्हा उघडण्याचे निमित्त मिळाले. प्रत्यक्षात १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत चक्रीवादळांनी घेतलेल्या थेट बळींपैकी दहातले नऊ पाण्याचे होते. पण जनतेचेही भांडण वाऱ्याशीच. २०१७ मध्ये ‘अर्मा’ येत असताना फ्लोरिडात वादळावर गोळ्या झाडण्याचे थट्टेखोर आवाहन फेसबुकवर इतके पसरले, की पॅस्को काउंटीच्या शेरीफ कार्यालयाला ‘असे करू नका’ म्हणून गंभीरपणे बजावावे लागले. २०१९ मध्ये ‘डोरियन’च्या नकाशावर काळ्या मार्करने अलाबामा जोडलेला दिसला आणि तो नकाशा खुद्द राष्ट्राध्यक्षांनी कॅमेऱ्यासमोर धरला. वादळ अलाबामाला गेले नाही. बातम्या मात्र कित्येक दिवस तिथेच मुक्कामाला होत्या.

यावर कोणी म्हणेल, तमाशा का होईना, लोक घाबरतात आणि जीव वाचवतात. पुरावा म्हणून १९६१ चे ‘कार्ला’ दाखवले जाते. तेव्हा डॅन रादर या तरुण वार्ताहराने टेक्ससमधील गॅल्व्हस्टनहून रडारच्या चित्रावर नकाशा ठेवून वादळ किती मोठे आहे ते दाखवले आणि लाखो लोक किनारा सोडून गेले. खरे आहे. पण त्याने लोकांना नकाशा दाखवला होता, स्वतःचा रेनकोट नव्हे. नुसती भीती काय करते ते २००५ च्या ‘रीटा’ने सांगितले. आधीच्या ‘कॅटरिना’ वादळाची दृश्ये ताजी होती, म्हणून समुद्राचे पाणी जिथे पोहोचणारच नव्हते तिथलेही लोक ह्यूस्टनमधून गाड्या घेऊन निघाले. महामार्ग तुंबले आणि उन्हात, अपघातांत, एका बसच्या आगीत शंभराच्या आसपास माणसे दगावली. वादळाच्या थेट तडाख्याने गेलेले त्याहून फार कमी. कोणी हलायचे आणि कोणी घरीच थांबायचे, हे नेमके सांगितले नाही तर भीतीही जीव घेते.

दुसरा आक्षेप असा, की पाणी कुठे शिरेल हे आधी दाखवायचे कसे? २६ सप्टेंबर २०२४ ला ‘हेलेन’ फ्लोरिडात धडकले, कॅमेरे किनाऱ्यावर होते आणि शंभराहून जास्त माणसे गेली नॉर्थ कॅरोलायनात, तीही मुख्यतः शेकडो किलोमीटर आतल्या डोंगराळ भागात. तिथल्या महापुराचा आणि दरडींचा इशारा हवामान खात्याने आधीच दिला होता. पण डोंगरातल्या ओढ्यापाशी आगाऊ जाऊन उभे राहण्यात कसला पराक्रम? आपल्याकडेही जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ मुंबईला चुकवून गेले तसा वाहिन्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि श्रीवर्धन-दापोलीच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्याची बातमी मागून रखडत आली.

तेव्हा टॅम्पा किंवा ह्यूस्टनला तुमचे कोणी असेल आणि पुढचे वादळ निघाले असेल, तर फोनवर वादळाची श्रेणी विचारू नका. घर कोणत्या स्थलांतर झोनमध्ये आहे आणि जवळचा ओढा किती दूर आहे, एवढे विचारा. उत्तर आले नाही, तर टीव्ही बंद करून ते आधी शोधायला सांगा.